आई-बाबांना घेऊन लेक डिस्ट्रिक्ट आणि व्हिटबीचा किनारा: मे अखेर, चार दिवस, हवेचं काय करायचं?

रानजाई

नमस्कार मंडळी,

मी तीन वर्षांपासून लीड्सला आहे. मे अखेरीस आई-बाबा पहिल्यांदाच इकडे येत आहेत, ऑगस्टपर्यंत राहतील. आल्या आल्या चार दिवसांचा बेत आहे: दोन दिवस लेक डिस्ट्रिक्टमधलं (वायव्य इंग्लंडचा डोंगर-तलावांचा भाग) केझिक, मग तिथून पूर्व किनाऱ्याला व्हिटबी, तिथे दोन दिवस. गाडी आहे.

बाबा ६३ वर्षांचे. अजूनही दर रविवारी पहाटे सिंहगड. राजगड-तोरण्याची वाट त्यांना डोळे मिटून येते. आईचे गुडघे कुरकुरतात, पण सपाटीवर ती तीन-चार तास मजेत चालते. बाबांनी पुण्यात बसूनच ठरवून टाकलंय की स्कॅफेल पाइक करायचा, इंग्लंडमधला सगळ्यांत उंच डोंगर. उंची ९७८ मीटर. फोनवर म्हणाले, "अगं, कळसूबाईच्या साठ टक्केही नाही. सकाळी नाश्ता करून निघू, दुपारी जेवायला खाली."

मी स्वतः इथे मॅलमच्या आसपास आणि इंगलबरोवर गेले आहे, दोन्ही वेळा लख्ख ऊन होतं. त्यामुळे पावसापाण्यात इथले डोंगर कसे वागतात ते मला माहीत नाही. बाबांना घेऊन जाताना काय बघावं, कुठे थांबावं, आणि किनाऱ्यावर काय सांभाळावं, हे अनुभवी लोकांनी सांगावं. बाबांचा हिरमोडही करायचा नाहीये.

सह्यधार

रानजाई, बाबांना नमस्कार सांग. ६३ व्या वर्षी दर रविवारी सिंहगड म्हणजे पायांची काळजी नको. काळजी दुसऱ्या गोष्टीची आहे.

मी मँचेस्टरला चौदा वर्षं आहे. त्याआधी सह्याद्रीत भरपूर भटकलो. इथे आल्यावर पहिली दोन वर्षं मीसुद्धा उंचीचे आकडे बघूनच डोंगर निवडत होतो. कळसूबाईला आपण बारी गावातून चढतो, आणि ते गाव मुळातच बरंच वर आहे. स्कॅफेल पाइकला बॉरोडेल दरीतल्या सीथवेटहून निघालात तर सुरुवात समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वाशे मीटरवर. म्हणजे पायाखालची चढाई साडेआठशे मीटर झालीच. जाऊन-येऊन १५ किलोमीटर धरा.

आता पाऊस. सीथवेट हे इंग्लंडमधलं सर्वाधिक पावसाचं वस्तीचं ठिकाण, वर्षाला साधारण ३५०० मिलिमीटर. लोणावळ्यात याहून जास्त पडतो, हे बाबा लगेच सांगतील आणि ते बरोबरच आहे. पण लोणावळ्याचा पाऊस चार महिन्यांत पडून मोकळा होतो आणि तो कोमट असतो. आपण मुद्दाम भिजायला जातो, धबधब्याखाली उभे राहतो, ओल्या टी-शर्टवर भजी खातो आणि घरी येतो. इथला पाऊस बाराही महिने आहे आणि गार आहे. मे अखेरीस केझिकला १० अंश असेल तर ९०० मीटर वर ४ अंश होतात. त्यात ताशी ३५ मैलांचा वारा धरला तर अंगाला उणे ३ लागतं. कोरडा माणूस ते सहज सोसतो. भिजलेला माणूस तासा-दीड तासात गारठतो, मग त्याचे पाय कितीही तयार असोत. आपल्याकडून आलेल्या भल्या ट्रेकरांची फसगत इथेच होते, कारण भिजण्याची भीती आपल्या अंगात मुळी नसतेच.

हवेचं म्हणाल तर सगळ्यांत आधी वाऱ्याची दिशा बघा. नैर्ऋत्येचा वारा अटलांटिकवरून ओलावा घेऊन येतो, लेक डिस्ट्रिक्टच्या डोंगरांना धडकतो, वर चढतो आणि तिथेच रिकामा होतो. पेनाइनच्या डोंगररांगेपलीकडे, पूर्व किनाऱ्यावर, त्यातलं फार थोडं पोचतं. महाबळेश्वर आणि माण-खटावचं जे नातं, तेच सीथवेट आणि व्हिटबीचं. नैर्ऋत्येचा जोर असेल तर तुमचा क्रम उलटा करा, आधी व्हिटबी, मग केझिक. वारा पूर्वेचा असेल तर मात्र किनाऱ्याचं गणित बदलतं. ते किनाऱ्यावर राहणारं कुणीतरी सांगेल.

पायपीट

सह्यधार, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण लोकांना उगाच घाबरवू नये असं वाटतं. मी जुलैत साध्या स्पोर्ट्स शूजमध्ये स्कॅफेल पाइक केला आहे. वाटेत लहान मुलं होती, सत्तरीतले आजोबा होते, कुत्री होती. अर्धी वाट दगडी पायऱ्यांची. सिंहगड चढणाऱ्या माणसाला त्यात काहीच नाही.

सह्यधार

पायपीट, तुम्ही सांगता ते खरं आहे. चांगल्या दिवशी ती वाट रम्य आहे आणि हजारो लोक ती करतात. पण माथा म्हणजे नुसता धोंड्यांचा पसारा आहे, तिथे मळलेली वाट उरत नाही. दगडांच्या राशी रचलेल्या आहेत, पण ढगात दोन राशींमधलं अंतर दिसत नाही. आपल्याकडे कातळावर रंगाने बाण काढलेले असतात, इथे तशी पद्धत नाही. माथ्यावरून बॉरोडेलला परतायचं असताना लोक वॉस्डेलकडे उतरतात, आणि मग डोंगराला वळसा घालून गाडीपर्यंत यायला टॅक्सीने दोनेक तास लागतात. हे परवडलं. पण काही जण धुक्यात चुकून पियर्स गिल नावाच्या घळीत उतरतात. वरून ती साधी ओढ्याची वाट वाटते, खाली उभे कडे आहेत. बचाव पथकांना तिथे पुन्हा पुन्हा जावं लागतं.

ज्या दिवशी तुम्ही गेलात त्या दिवशी यातलं काहीच दिसत नाही, हीच अडचण आहे. आणि तोच दिवस दुपारी दोनला पालटू शकतो.

ज्वारीची_भाकर

रानजाई, मी केंडलच्या जवळ राहते. माझा एक अनुभव सांगते, कारण तुझ्या बाबांसारख्याच तयारीच्या माणसाचा आहे.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आम्ही पाच जण हेल्वेलिनला गेलो, ९५० मीटर. ग्लेनरिडिंगहून निघालो तेव्हा अंगावर ऊन होतं. आमच्यातला एक जण जीन्स आणि सुती शर्टवर होता. तो आमच्यात सगळ्यांत दणकट, हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेने चढलेला. स्ट्रायडिंग एजची धार आम्ही सुदैवाने टाळली होती. माथ्याच्या अलीकडे ढग उतरला आणि आडवा पाऊस सुरू झाला. माथ्यावर दगडांचा अधिक-चिन्हासारखा आडोसा बांधलेला आहे, वारा कुठूनही आला तरी एक कोपरा शांत मिळतो. तिथे बसलो. मी त्याला जॅकेट दिलं. त्याने ते घातलं, पण त्याला चेन लावता येईना. दोन टोकं जुळवायचा, सुटायची, परत जुळवायचा. मी विचारलं तर म्हणाला, "काही नाही, मी मस्त आहे." ते 'मस्त' त्याच्या तोंडातून नीट उमटलंही नाही.

थरथर, बोटं न चालणं, शब्द जड होणं, आणि वर 'मी ठीक आहे' असं सांगणं. हायपोथर्मियाची सुरुवात अशी दिसते, आणि ज्याला होतो त्याला स्वतःला कळत नाही. शेजारी एक वयस्क इंग्रज जोडपं बसलं होतं. काही न विचारता त्या बाईंनी पिशवीतून एक मोठं नारिंगी कापड काढलं, आम्हा सगळ्यांच्या डोक्यावरून ओढलं आणि त्याला त्याखाली बसवलं. ओला शर्ट काढायला लावला, स्वतःचा कोरडा लोकरी स्वेटर दिला, थर्मासमधला गोड चहा पाजला. वीस मिनिटांत तो भानावर आला. तसलं कापड आता माझ्या सॅकमध्ये कायम असतं. दुकानात 'ग्रुप शेल्टर' म्हणून मिळतं.

म्हणून बाबांच्या अंगावर सुती काहीही नको, आतला बनियनसुद्धा नाही. लोकर किंवा सिंथेटिक, त्यावर फ्लीस, त्यावर खरोखरीचं वॉटरप्रूफ जॅकेट आणि पँट. पोंचो घेऊ नका, वाऱ्यात त्याचं शीड होतं. हातमोज्यांचे दोन जोड, एक भिजतोच. खायला चिक्की, गुळपोळी, दशमी, चालता चालता तोंडात टाकता येईल असं. थांबून डबा उघडण्याएवढी उसंत प्रत्येक वेळी मिळत नाही.

खाऱ्या_वाटा

किनाऱ्याचं मी सांगते. मी मूळची देवगडची, आता नऊ वर्षं स्कारबरोजवळ आहे.

आपण कोकणातले लोक भरती-ओहोटी अंगात घेऊनच वाढतो, तरी इथे मला दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या. एक म्हणजे कडे. व्हिटबी ते रॉबिन हूड्स बे या पट्ट्यात वाळूच्या मागे उभा कडा आहे, माडाची बाग नाही. ओहोटीला तुम्ही खडकांवरून मजेत चालत जाता, आणि पाणी परतलं की मागे चढायला जागाच नसते. रॉबिन हूड्स बे ते बॉगल होल हा वाळूवरचा छोटा टप्पा छान आहे, आई आरामात करतील, पण ओहोटीची वेळ बघून, आणि पाणी उतरत असतानाच निघा, चढत असताना नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जास्तच जपा. आणि कड्याच्या पायथ्याशी टेकून बसू नका. ती माती आणि शेल दगड सतत ढासळत असतात.

दुसरं म्हणजे फ्रेट. उत्तर समुद्राचं पाणी मे महिन्यात जेमतेम दहा अंशांचं असतं. पूर्वेकडून उबदार दमट हवा त्यावरून आली की खालची हवा गारठते आणि समुद्रावरच धुकं तयार होतं. वारा ते किनाऱ्यावर ढकलतो. दहा मैल आत ऊन आणि वीस अंश, किनाऱ्यावर अकरा अंश आणि समोरचा माणूस दिसत नाही. एप्रिल ते सप्टेंबर कधीही येतं, तासाभरात जातं किंवा तीन दिवस राहतं. हीच ती सह्यधार म्हणतात ती पूर्वेच्या वाऱ्याची भानगड. त्या दिवशी लेक डिस्ट्रिक्टमध्ये कदाचित निळं आकाश असेल.

फ्रेटमध्ये कड्याच्या वाटेवर आई-बाबांना नेऊ नकोस असं मी म्हणणार नाही, कारण त्याचंही एक रूप आहे. पण कड्याच्या आतल्या बाजूने स्कारबरो-व्हिटबी जुन्या रेल्वेची वाट आहे, सिंडर ट्रॅक म्हणतात. रेल्वे १९६५ मध्ये बंद झाली, रुळांखालची खडी राहिली, आता त्यावरून चालतात आणि सायकली जातात. चढ अगदी हलका, दोन्ही बाजूंना झाडी, वारा लागत नाही. रॉबिन हूड्स बे ते व्हिटबी साधारण १० किलोमीटर. एका दिशेने बस, दुसऱ्या दिशेने चालत. आईंच्या गुडघ्यांना हे उत्तम.

पुढे कधी उत्तरेला होली आयलंडला जाल, तर भरतीच्या वेळा बघितल्याशिवाय त्या रस्त्यावर गाडी घालू नका. तो रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो, आणि दर वर्षी कुणाची तरी गाडी त्यात अडकते. पश्चिमेला मोरकम बेच्या वाळवंटात तर वाटाड्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. ५ फेब्रुवारी २००४ च्या रात्री तिथे शिंपले वेचणारे किमान २१ चिनी मजूर भरतीत बुडाले. परक्या देशात पोटासाठी आलेली, भाषा न येणारी माणसं. मी त्या किनाऱ्यावर उभी राहिले की मला दुसरं काही सुचत नाही.

गिरणगाव_ते_रॉचडेल

धागा वाचतोय, फार चांगली माहिती जमली आहे. थोडं विषयाच्या कडेने लिहितो.

वेळ मिळाला तर बाबांना एक दिवस पेनाइन वेवर न्या. ही ४३१ किलोमीटरची वाट २४ एप्रिल १९६५ ला सुरू झाली. त्याच तारखेला, २४ एप्रिल १९३२ ला, मँचेस्टर-शेफील्डकडच्या कामगार पोरांनी किंडर स्काउटच्या पठारावर मुद्दाम घुसखोरी केली होती. तो डोंगर जमीनदारांच्या शिकारीसाठी राखीव होता. पाच जण तुरुंगात गेले. आज आपण सगळे बिनदिक्कत या माळांवर फिरतो त्यामागे ते आहेत.

त्या पठारांवर पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या मातीची दलदल आहे, काळी, लोण्यासारखी. हजारो पावलांनी तिचा चिखल झाला तेव्हा वाटेवर मोठमोठ्या दगडी फरश्या अंथरल्या. त्यातल्या पुष्कळ फरश्या लँकेशायरच्या पाडलेल्या कापड गिरण्यांच्या आहेत. मी पहिल्यांदा त्यावरून चाललो तेव्हा एका फरशीत ओळीने गोल भोकं दिसली. यंत्र पक्कं बसवायला पाडलेली. त्यात पावसाचं पाणी साचलं होतं. माझे आजोबा लालबागला गिरणीत साच्यावर होते, वडील संपात घरी बसले. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६१ ते १८६५, मुंबई बंदरातून कापूस लँकेशायरला यायचा आणि मुंबईत पैशांचा पाऊस पडला, हे शाळेत वाचलं होतं. तो कापूस ज्या जमिनीवर सूत झाला असेल, तसल्या जमिनीचा तुकडा माझ्या बुटाखाली, डोंगरावर, पावसात. मी बराच वेळ तिथे उभा होतो. बाबांना दाखवाच.

सह्यधार

गिरणगाव, हे इथे लिहिलंत ते फार बरं केलंत.

रानजाई, आता व्यवहाराचं. वेळेचा हिशेब इथले लोक १८९२ पासून एका साध्या नियमाने करतात, नेस्मिथचा नियम: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. सीथवेटहून स्कॅफेल पाइक म्हणजे साडेचार तास, न थांबता, चांगल्या हवेत. पाऊस, धोंडे आणि फोटो धरून सात तास धर. मे अखेरीस साडेनऊपर्यंत उजेड असतो, ही जमेची बाजू.

फोनवर नकाशा असू दे, पण ऑर्डनन्स सर्व्हेचा १:२५,००० कागदी नकाशा आणि होकायंत्र हवंच. ओल्या बोटांना फोनची काच दाद देत नाही आणि थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. अडचण आली तर ९९९ लावून आधी पोलीस मागायचे, त्यांना माउंटन रेस्क्यू हवं म्हणून सांगायचं. किनाऱ्यावर थेट कोस्टगार्ड. आवाज लागत नसेल तर ९९९ ला मेसेज करता येतो, पण त्यासाठी 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजीत लिहून आधी एकदा ९९९ ला पाठवून नोंदणी करावी लागते. ती आज घरी बसूनच कर. शिट्टीचा इशारा: मिनिटात सहा, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. बचाव पथकातले सगळे स्वयंसेवक आहेत, पैसे घेत नाहीत.

आणि घरून निघतानाच परत फिरायची जागा ठरव. वर गेल्यावर ठरवायला गेलात की बाबा ऐकणार नाहीत, माझेही ऐकले नव्हते. सीथवेटच्या वाटेवर ती जागा म्हणजे स्टाय हेड, साधारण ४८० मीटरवरची खिंड. तिथे माथा ढगात असेल, वारा ढकलत असेल, किंवा तिघांपैकी कुणी एक जरी गारठलं असेल, तर मागे. यातली एकच गोष्ट पुरे.

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना अख्खा धागा फोनवर वाचून दाखवला. ज्वारीची_भाकर ताईंच्या अनुभवावर गप्प झाले, पण सह्यधारदादांच्या 'परत फिरायची जागा' यावर म्हणाले, "बघू तिथे गेल्यावर." नोंदणी केली. शिट्ट्या घेतल्या. परत आले की लिहिते.

रानजाई

आलो परत. सविस्तर लिहिते, कारण पुढे कुणालातरी उपयोगी पडेल.

पहिल्या दिवशी अंदाज होता: नैर्ऋत्येचा वारा, माथ्यांवर ताशी ३५ मैल, दुपारनंतर पाऊस, ढगांची पातळी ५०० मीटरच्या आसपास. दुसऱ्या दिवशी बरं होणार होतं, पण बाबांना धीर नव्हता. आई केझिकला थांबली. आम्ही आठला सीथवेट सोडलं. स्टॉकली ब्रिज हा जुना दगडी पूल इतका देखणा आहे की बाबा तिथेच पाच मिनिटं पाणी बघत बसले. पाणी हिरवं, काचेसारखं. तोवर कोरडं होतं. वर ओढ्याकाठच्या चढावर पाऊस लागला, दुपारची वाट न बघता. बाबा पुढे होते, नेहमीच्या चालीने, मला दम लागत होता.

स्टाय हेडला साडेदहाला पोचलो. खिंडीत शिरल्याबरोबर वारा अंगावर आला, दोन्ही हातांनी ढकलल्यासारखा. ग्रेट गेबल नाही, स्कॅफेल नाही, वीस पावलांपलीकडे सगळं पांढरं. तिथे एक मोठी पेटी आहे. तिच्या आडोशाला बसलो. बाबांनी चिक्कीचा कागद सोडायला हातमोजा काढला, चिक्की खाल्ली आणि जॅकेटची चेन वर ओढायला गेले. ती ओढता येईना. मी बघत होते. त्यांनी तीनदा प्रयत्न केला. मी काही बोलले नाही, फक्त चेन लावून दिली.

मग ते म्हणाले, "ही पेटी कसली?" मी सांगितलं, आत स्ट्रेचर असतो, जखमींना खाली न्यायला. ते तिच्याकडे बघत राहिले. तरुणपणी त्यांनी आणि त्यांच्या मित्रांनी पाय मोडलेल्या एका पोराला चादरीच्या झोळीत घालून रात्रभर गडावरून खाली आणलं होतं. ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली आहे. त्यांनी पेटीच्या ओल्या फळीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "चल. या लोकांना आज काम नको द्यायला."

उतरताना अर्ध्या तासात वारा मेला, त्यांची बोटं परत चालायला लागली. स्टॉकली ब्रिजवर पावसातच थर्मासमधला चहा प्यायलो. माझ्या आठवणीतला सगळ्यांत चांगला चहा तो.

दुसऱ्या दिवशी वारा वायव्येचा झाला. केझिकहून तलावातली लाँच घेऊन हॉज एंडला उतरलो. आई काठाकाठाने ब्रँडलहोच्या झाडीतून चालली. ही जमीन नॅशनल ट्रस्टने १९०२ मध्ये घेतली, लेक डिस्ट्रिक्टमधली त्यांची पहिली खरेदी. मी आणि बाबा कॅटबेल्सवरून गेलो, ४५१ मीटर, वर थोडं हाताने धरून चढायचं आहे. दोन तासांत चार सरी आल्या आणि चार वेळा ऊन पडलं. उन्हाचा एक तुकडा स्किडॉच्या पायथ्यापासून निघून सावकाश माथ्यापर्यंत चढला आणि विझला. बाबा म्हणाले, "श्रावण आहे हा, फक्त गार." खालच्या धक्क्यावर आई दशमी काढून वाट बघत बसली होती.

मग किनारा. आणि नेमका वारा पूर्वेला फिरला. पिकरिंगला गाडीत १९ अंश दाखवत होते. माळ ओलांडून व्हिटबीकडे उतरायला लागलो आणि ११. समोर भिंत.

खाऱ्या_वाटा, तुमचं ऐकून बसने रॉबिन हूड्स बेला गेलो. सकाळी पाणी उतरत होतं, तिघं बॉगल होलपर्यंत वाळूवरून जाऊन तासाभरात परत आलो. मग सिंडर ट्रॅकने निघालो. झाडीत धुकं होतं, पण वारा नव्हता, आई बोलत चालली होती. हॉस्करपाशी जरा विरळ झालं म्हणून गल्लीने कड्याकडे वळलो. तिथे जुनं धुक्याच्या भोंग्याचं ठाणं आहे, आता बंद. छपरावर भोंग्याची मोठी तोंडं तेवढी समुद्राकडे बघत आहेत. समुद्र दिसतच नव्हता. खाली लाटा ऐकू येत होत्या, आणि किटीवेक पक्ष्यांचा कालवा, शेकडो असतील, एकही दिसत नव्हता. आईने माझा दंड धरला आणि मला कड्यापासून आतल्या बाजूला ओढलं. आम्ही तिघंही तिथे गप्प उभे होतो. आई नंतर म्हणाली की या सगळ्या सहलीत तिला तेच सगळ्यांत जास्त आवडलं.

व्हिटबीच्या अलीकडे अचानक ॲबीच्या, म्हणजे जुन्या मठाच्या, पडक्या कमानी वर निघाल्या, खालचा भाग धुक्यातच. खाली गावात जायला १९९ पायऱ्या आहेत. मध्ये मध्ये पूर्वी शवपेटी टेकवायचे कट्टे आहेत. आई प्रत्येकावर बसली आणि पूर्ण मोजून उतरली.

ज्वारीची_भाकर

चेनची खूण लक्षात ठेवलीस आणि बाबांना बोलून दुखावलं नाहीस. डोळ्यांत पाणी आलं वाचताना. बाबांना माझा नमस्कार.

खाऱ्या_वाटा

भोंग्याच्या ठाण्यापाशी फ्रेटमध्ये उभं राहणं. मी नऊ वर्षं इथे आहे, आणि आईंना ते आवडलं याचा मला किती आनंद झालाय ते सांगता येत नाही. पुढच्या वेळी माझ्याकडे या. सोलकढी करते.

पायपीट

रानजाई, स्टाय हेडचा परिच्छेद दोनदा वाचला. मी लिहिलं होतं की यात काहीच नाही. तो शब्द मागे घेतो. माझ्या सॅकमध्येही आता शिट्टी आणि कोरडा स्वेटर असेल.

रानजाई

धन्यवाद पायपीट. बाबांनी इथे लिहायला सांगितलं आहे: "सह्यधार यांना विचार, जुलैत परत जाता येईल का? माथा बघायचा आहे. पण खिंडीतल्या नियमासकट." नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलेला आहे, आईला ताटं ठेवायला जागा नाही.

सह्यधार

जुलैचे दुसरा आणि तिसरा शनिवार मी मोकळे ठेवले आहेत. मीही येतो. वाऱ्याची दिशा बघून आदल्या गुरुवारी ठरवू. नैर्ऋत्येचा असेल तर गिरणगाव यांना विचारून फरश्यांवर जाऊ, नसेल तर सकाळी सातला सीथवेट. बाबांना सांगा, हातमोज्यांचे दोन जोड.